छान म्हणू नका, पिंपळबर्डीला जा

आम्ही चिखलीचे, म्हणजे घाटावरचे. बुलढाणा जिल्ह्यात माणसांचे दोनच प्रकार असतात, घाटावरचे आणि घाटाखालचे, आणि दोघंही एकमेकांची कीव करतात. ते म्हणतात, तुमची जमीन म्हणजे नुसती टेकाडं. आम्ही म्हणतो, तुमचं पाणी खारं. आमचं म्हणणं काही अगदीच खोटं नाही. पूर्णा नदीच्या बाजूनं असा मोठा पट्टा आहे, की विहिरीला पाणी भरपूर, पण त्याचा चहा केला तर चहाला घाम फुटलाय असं वाटतं. त्यामुळे आमच्या घरी घाटाखाली जायचं ठरलं की कपड्यांच्या आधी पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात.

या खेपेला बाटल्यांच्या जोडीला जुन्या कपड्यांचं एक गाठोडंही भरलं गेलं. कारण आम्ही निघालो होतो पिंपळबर्डीला, आणि पिंपळबर्डीला पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. गाव म्हटलेलं तिथं चालत नाही, नगरपालिका आहे, म्हणून शहर म्हणायचं. नदीकाठी दगडी घाट, पायऱ्यांची एक जुनी बारव, आणि मागं जंगल. जंगलात जायला जीप मिळते म्हणून अकोल्याकडचे, नागपूरकडचे लोक हिवाळ्यात यायचे. पुरानंतर ते यायचे थांबले. आता रस्ता झाला, घाट धुतला गेला, जंगल उघडलं, पण मोबाइलवर पिंपळबर्डी टाकलं की अजून फक्त वाहून जाणारी एक म्हैस दिसते. ती म्हैस पुढं सुखरूप सापडली, आजही रोज दूध देते, पण तिचा तो फोटो कोणी टाकत नाही.

तिथं शोभाताई तायडे राहतात. माझी बायको सुनंदा आणि त्या खामगावला डी.एड.ला एका खोलीत होत्या. शोभाताईंनी मास्तरकी केली नाही. घराच्या पुढच्या अंगाला चार खोल्या काढल्या, खाली खानावळ टाकली, आणि चांगली चालवली. पुरात सगळं चिखलानं भरलं. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा उघडलं, तेव्हा सुनंदाला फोनवर म्हणाल्या, "तू ये वं, पण भेटाले नको येऊ. फिराले ये."

भेटायला आणि फिरायला यातला फरक मला तेव्हा कळला नाही.

घाट उतरताना

गाडीत आम्ही तिघं होतो. मी, सुनंदा, आणि माझी वच्छलाआत्या.

आत्याबद्दल सांगायला हवं. वय सत्तरच्या पुढं, तब्येत ठणठणीत, आणि जीभ तब्येतीपेक्षा ठणठणीत. आजवर तिनं कुठलंही अन्न नाव न ठेवता खाल्लेलं नाही. माझ्या लग्नात तिनं जिलबीला नाव ठेवलं आणि आचारी पंगतीतून उठून गेला. सुनंदाच्या वरणाला ती रोज नवीन नाव ठेवते. सुनंदा म्हणते, मला आता त्याशिवाय जेवण जात नाही.

म्हणून घाट उतरता उतरता मी एक छोटंसं भाषण केलं. मला भाषण करायला आवडतं, आणि चालत्या गाडीतून कोणाला उठून जाता येत नाही.

"हे पाहा, त्यांच्यावर संकट येऊन गेलंय. आपण गेलो की तोंडात फक्त एकच शब्द, छान. खोली कशी? छान. जेवण कसं? छान. आत्या, हे तुझ्यासाठी."

"मी काय बोलून राह्यलो का काही?" आत्या म्हणाली.

"बोलशील. म्हणून आधीच सांगतो. एक शब्द नाही."

"अन् भाजी कच्ची राह्यली तर?"

"छान."

"अन् केस निघाला तर?"

"बाजूला काढायचा आणि छान म्हणायचं."

आत्या खिडकीबाहेर पाहू लागली. खामगाव जाईपर्यंत ती बोलली नाही. मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम झाला. माझ्या भाषणाचा असा परिणाम आयुष्यात पहिल्यांदाच होत होता, त्यामुळे मला जरा संशय यायला हवा होता.

साड्यांचं शहर

शोभाताईंचे यजमान दिगंबरराव फाटकापाशीच उभे होते. हसरे, गोल, हळू बोलणारे. मी डिकी उघडली आणि आधी गाठोडं बाहेर काढलं. रिकाम्या हातानं कसं जायचं?

दिगंबररावांनी ते ओळखलं. त्यांचा चेहरा पाहुण्याचं कुत्रं पाहावं तसा झाला.

"साड्या हायेत का भाऊ?"

"साड्या, शर्ट, एक स्वेटर..."

"राहू द्या डिकीतच. तुमाले सांगतो, सध्या शहरात माणसापेक्षा साड्या जास्त झाल्या. पुरात आमचं घर गेलं नव्हतं, पण साड्यांत जाईन."

आत गेलो तर खरंच. खिडक्यांना साडीचे पडदे, टेबलांवर साडीची चादर, आमच्या खोलीत उशांना जरीकाठी अभ्रे. मदतीत आलेल्या साड्यांनी शोभाताईंनी सगळं सजवलं होतं, आणि ते दिसत होतं मोठं सुरेख. मी "छान" म्हणालो. तो माझा पहिला छान, आणि खरा.

शोभाताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. उंच, सडसडीत बाई. सुनंदाच्या गळ्यात पडल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगून ठेवतो. अरेरे म्हणाचं नाही. चार महिने लोकं येऊन राह्यले, दारातूनच अरेरे म्हणत. चहा पेतात, अरेरे म्हणतात, अन् जातात. चहाची पत्ती संपली माह्यी."

वऱ्हाडात बायकाही "सांगतो, करतो" असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला हे ऐकून दचकायला होतं, पण आत्याही तशीच बोलते, म्हणून मला सवय आहे.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. रविवारी, म्हणजे परवा, अकोल्याहून पक्षी पाहणाऱ्यांची एक मंडळी येणार होती. दुपारचं जेवण इथं, मग जंगलात चक्कर, आणि संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्यावर जेवून परत. त्यांना इथलं आवडलं तर हिवाळाभर दर रविवारी येणार, मुक्कामाला. नाही आवडलं तर खामगावचा एक सरकीचा व्यापारी गोदामासाठी जागा मागतच होता.

"अन् मग तू?" सुनंदानं विचारलं.

"मी काय? सरकीची राखण करीन."

हसल्या, पण खोलीत नंतर कोणी हसलं नाही.

पहिलं ताट

दुपारी ताटं आली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, बेसनाच्या वड्यांचा म्हणजे पातोडीचा रस्सा, वरण, भात. वास असा की मी बसण्याआधीच हात धुतले होते की नाही हे विसरलो.

पहिला घास घेतला आणि थांबलो.

मीठ नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही, कुठंतरी लांब असल्यासारखं होतं, सातपुडा दिसतो तसं. भाजीत तिखट होतं, रश्शात मसाला होता, पातोड्या लोण्यासारख्या, आणि सगळं मिळून चव लागत होती ओल्या वर्तमानपत्राची.

ताटात मीठ वाढलेलं नव्हतं. मी टेबलावर पाहिलं, तिथंही नव्हतं. शोभाताई मागं उभ्या.

"काय पाह्यजे भाऊजी?"

"काही नाही, काही नाही."

"मीठ ठेवत नाही मी टेबलावर. सासूबाई म्हणत, वरून मीठ लागलं म्हणजे रांधणारीनं हार मानली. त्या चाखूनबी पाहत नव्हत्या. मीबी नाही. हाताले माप कळते." मग जरा वाकून म्हणाल्या, "कसं झालं?"

"छान!" मी म्हणालो.

"छान," सुनंदा म्हणाली.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मिटले, घास गिळला, आणि औषध प्यायल्यासारखं म्हणाली, "छान."

शोभाताईंचा चेहरा उतरला.

हे मला कळेना. आम्ही एवढं छान म्हणतोय आणि बाई "बरं" म्हणून आत निघून जाते. मला वाटलं, छान कमी पडलं. म्हणून मी आत ऐकू जाईल असा मोठ्यानं आणखी एकदा "वा! रस्सा म्हणजे रस्सा!" म्हणालो. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

शेजारी दिगंबरराव तेच जेवण डोळे मिटून, समाधानानं जेवत होते.

सुनंदाच्या पर्समध्ये पेरूबरोबर खायचं तिखटमिठाचं पुडकं होतं. ते टेबलाखालून माझ्याकडे आलं, माझ्याकडून आत्याकडे गेलं. शाळेत असताना परीक्षेत मी असं काही केलं नव्हतं, ते या वयात केलं. एकदा दिगंबरराव पाणी घ्यायला वळले तेव्हा पुडकं माझ्या हातातून निसटून सगळं माझ्या मांडीवर सांडलं. उरलेलं जेवण मी मांडीला बोट लावून लावून जेवलो.

बारव आणि वाघ

संध्याकाळी दिगंबरराव आम्हांला बारव दाखवायला घेऊन गेले. ते इथले जुने गाइड.

बारव पाहण्यासारखी आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली खाली उतरत जातात, कोनाड्यांत मूर्ती, आणि तळाशी हिरवं, गप्प पाणी. मी विचारलं, "कोणत्या काळातली?"

"हे पाहा," दिगंबरराव हात उंच करून म्हणाले, "इथवर पाणी होतं."

"हो, पण बांधली कोणी?"

"इथवर. अन् त्या मूर्तीच्या नाकालोक गाळ."

"दिगंबरराव, बारव."

"हाव हाव, बारव. बायको रागावते मले. आधी मी सगळं सांगत होतो, राजा, राणी, शिल्प. आता तोंड उघडलं की पाणीच येते बाहेर." आणि बिचारे कानाला हात लावून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून जंगलात गेलो. नदीच्या पात्रात अजून झाडांचे बुंधे आडवे पडलेत, पण दोन्ही काठांना सागवान उभं आहे, थंडीनं धूसर झालेलं, आणि मधून मधून पळस. भेकर दिसलं, मोर दिसले, आणि वानरांचं एक अख्खं कुटुंब आमच्याकडे अशा कीव करणाऱ्या नजरेनं पाहत होतं, की मला आमच्या गाठोड्याची आठवण झाली. मी जीपवाल्याला विचारलं, "वाघ आहे का?"

"हाये ना."

"दिसेल का?"

"तो सध्या वरतेच राहून राह्यला. खाली यायचं म्हणते, पण यायले पर्यटक पाह्यजेत ना."

मोठा दगड लागला, जीप उडाली, आणि मी सुनंदाच्या मांडीवर आणि सुनंदा आत्याच्या मांडीवर बसलो. आत्या एवढंच म्हणाली, "छान." मला तेव्हा पहिल्यांदा त्या शब्दाची भीती वाटली.

मीठ

परत आलो तर खानावळीत कोणी नव्हतं. शोभाताई एकट्या टेबलापाशी बसल्या होत्या. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या खाली हातभर अंतरावर रंगातूनही दिसणारी पाण्याची रेघ. समोर फोन.

"सुने," त्या म्हणाल्या, "मी त्या अकोलावाल्याले नाही म्हणून सांगून देतो."

"काऊन वं?" सुनंदा चिखलीत इतकी वर्षं राहूनही मैत्रिणीपाशी बसली की हॉस्टेलची भाषा बोलते.

"दिवाळीपासून किती लोकं जेवून गेले माह्याकडं. सगळे म्हणतात छान. हात जोडून म्हणतात. धीर धरा म्हणतात. अन् एकबी परत नाही आला. पहिले लोकं भांडत होते माह्याशी, भाकरी जाड झाली, रस्सा पातळ झाला, अन् तेच लोकं पुढच्या महिन्यात येत होते. आता कोणी भांडत नाही." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "अन् मले सोताले बी काही गोड लागत नाही. सगळ्यांच्या मागून जेवतो, ठेच्यासोबत भाकर खातो, उठतो. मले वाटते, पुरानं माह्या तोंडाची चवच नेली. जिची चवच गेली तिनं लोकाले काय खाऊ घालावं?"

मी "अरेरे" म्हणणार होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बोलू काय आता?"

आत्या होती. माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते मलाही माहीत नाही. आत्यानं थांबून पाहिलंही नाही.

"काय व माय, तुले चव नाही गेली, मीठ गेलं! काल दुपारचं वरण म्हणजे हळद टाकलेलं पाणी. वांगं मेल्यासारखं. रश्शाले मसाला सोन्यासारखा, अन् मीठ कुठं ठेवलं, लॉकरमंधी? सकाळच्या पोह्यात मले शेंगदाण्याचीच दया आली. दोन दिस झाले, मी या पोराच्या बोलण्यापायी तोंडाले कुलूप लावून अळणी गिळून राह्यलो. छान म्हणे! काहीच छान नाही बाप्पा!"

मी खाली पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई रडणार, सुनंदा मला घरी जाईपर्यंत बोलणार नाही, आणि आत्याला इथून पुढं कुठं न्यायचं नाही.

शोभाताई उठल्या. आत्यासमोर उभ्या राहिल्या.

"खरं सांगता आत्याबाई? मिठाचंच?"

"मिठाचंच. बाकी हात चांगला हाये तुया."

"पण मी तेवढंच टाकतो. जेवढं पहिले टाकत होतो तेवढंच. हाताचं माप हाये माह्यं."

आत्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला. मग थांबली. आणखी एक घेतला.

"हे कुठलं पाणी?"

"कॅनचं. फिल्टरचं. विहिरीत गाळ भरला ना पुरात, तवापासून पेयाले, रांधाले, सगळ्याले हेच."

"अन् पहिले विहिरीचं?"

"हाव."

"खारं?"

शोभाताई ग्लासाकडे पाहत राहिल्या. आम्ही सगळेच पाहत राहिलो. इतकी वर्षं ती विहीर त्यांच्या प्रत्येक भाजीत, वरणात, भाकरीच्या पिठात गुपचूप मीठ घालत होती. त्यांचा हात उरलेलं तेवढं घालत होता. पुरानं विहीर बुजवली, पाणी गोड झालं, आणि हाताला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? जो येई तो छान म्हणे.

"अहो!" शोभाताई दारातल्या दिगंबररावांवर ओरडल्या, "तुमी तरी सांगाचं! दोन वेळ जेवता!"

दिगंबरराव लाजले. "मले बीपी हाये ना. डॉक्टर म्हणले होते मीठ कमी करा. मले वाटलं, माह्यासाठी करून राह्यली. मी म्हणलं, एवढ्या गडबडीतबी बाईनं ध्यान ठेवलं."

शोभाताई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. तेवढ्यात आत्यानं पदर खोचला. "उठ. वरण टाक. अन् आज चाखून पाहाचं. सासू काही वरून येत नाही पाहाले."

रविवार

अकोल्याची मंडळी आली. गळ्यात दुर्बिणी, डोक्यात टोप्या, आणि सगळ्यांत पुढं जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक निवृत्त सर. उतरल्या उतरल्या सर म्हणाले, "अरेरे, फार नुकसान झालं म्हणे तुमचं."

"हात धुऊन घ्या," शोभाताई म्हणाल्या.

आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो होतो, आपलं काहीच नाही अशा चेहऱ्यानं. सुनंदानं माझा दंड घट्ट धरला होता. ताटं गेली. पहिला घास. सरांनी तो चावला. थांबले.

सरांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. कोणीच काही बोलेना. एक जण भाकरी मागत होता, दुसरा रस्सा. एका बाईनं डाव्या हातानं दुर्बीण मागं टाकली, ती रश्शात पडायला लागली म्हणून. पुराचं नाव कोणी काढलं नाही, पक्ष्यांचंही नाही.

शोभाताई आमच्याजवळ येऊन पांढऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "कोणीच छान म्हणत नाही व."

तेवढ्यात तिकडून सरांचा आवाज आला. "ताई, तिखट फार आहे हो! डोळ्यातून पाणी काढलंत!"

शोभाताई झटकन त्यांच्या टेबलापाशी गेल्या. "मग दही घ्या सर. तिखट कमी नाही होणार. वऱ्हाडात आले ना?"

"दही नको, रस्साच आणा."

"पातोड्या संपल्या."

"संपल्या कशा? आत्ता तर आलो! मागच्या टेबलाला तिसऱ्यांदा वाढल्या तुम्ही, मी पाहत होतो!"

"तुमी पक्षी पाहाले आले का माह्ये हात पाहाले?"

आवाज चढले. सगळी मंडळी हसत होती, सर खरंच चिडले होते, आणि शोभाताई कमरेवर हात ठेवून त्यांच्याशी भांडत होत्या. दिगंबरराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, पुरापासून पहिल्यांदा."

जंगलात जाताना सर जीपमधून पुन्हा खाली उतरले, रागानंच दारात आले, आणि म्हणाले, "संध्याकाळी पातोड्या करणार असाल तर ढाबा राहू देतो. पण जास्त करा. आणि मुक्कामाला खोल्या आहेत का?"

आम्हांला दुपारीच निघायचं होतं. बॅगा गाडीत ठेवल्या, सुनंदा पुढं बसली, आणि मी आत्याला आणायला स्वयंपाकघरात गेलो. आत बेसनाचा ढीग, कांद्याचा ढीग, आणि पाटावर बसून आत्या लसूण सोलत होती.

"चल आत्या, उशीर होतोय."

"मी नाही येत. संध्याकाळी एवढे लोक जेवाले, ही एकटी काय करीन? मंगळवारी ये न्यायले."

"अगं पण आपण फिरायला आलोय. पाहुणे आहोत आपण."

शोभाताईंनी चुलीपाशी वाकून रस्सा हातावर घेतला, चाखला, आणि मागं वळूनही न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, दारातून बाजूले व्हा. गिऱ्हाईक येऊन राह्यले."

मी बाजूला झालो.